गोजरबाईच्या विहिरीवरचा नंबर

हिंगोलीहून औंढ्याकडे जाताना मध्ये एक चढ लागतो. आता तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पण निजामाच्या राज्यात पहिल्या सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या तेव्हा त्या चढानं मोटारींचा जीव काढला होता. वर पोचेपर्यंत मोटारीच्या तोंडातलं पाणी उकळायचं, टोपण थडथडायचं, आणि ड्रायव्हर उतरून पाणी शोधायचा. पाणी एकाच ठिकाणी होतं. चढ संपतो तिथं, रस्त्याला लागून, नामाजी धनगराची विहीर होती.

विहीर नामाजीची असली तरी नामाजी तिथं क्वचितच असायचा. तो मेंढरांमागे हिंडायचा. विहिरीवर असायची त्याची बायको गोजरबाई आणि दोन कुत्री. गोजरबाई उंच, हडकुळी बाई. ती कधी ओरडून बोलली असं कुणाला आठवत नाही. ती हसली की रागावली हे तिच्या तोंडावरून कळत नसे. नामाजीलाही कळत नसे, आणि लग्नाला काही वर्षं झाल्यावर त्यानं तो प्रयत्न सोडून दिला होता.

मोटारी थांबायला लागल्या तशी गोजरबाईनं चूल मांडली. हरभऱ्याची डाळ घरच्या जात्यावर दळायची, करडईच्या तेलात भजे तळायचे आणि गुळाचा चहा उकळायचा. पाणी मोटारींना फुकट होतं. माणसं पाण्यासाठी थांबली की भजे खायची, एवढा साधा हिशेब होता.

त्या रस्त्यावर तेव्हा तीन मोटारी होत्या. हिंगोलीहून औंढ्यावरून जवळा बाजारला जायच्या आणि फिरून यायच्या, दिवसभर ये-जा. दोन मोटारी पुनमचंद शेटजींच्या. एक चालवायचा प्रेमसिंग, नांदेडकडचा शीख, भोंगा वाजवण्याची फार हौस असलेला. दुसरी चालवायचा हरिचंद. तो इतका सावकाश चालवायचा की चढावर उतारू खाली उतरून त्याच्याशी गप्पा मारत चालायचे. तिसरी मोटार दस्तगीरची. ती त्याच्या स्वतःच्या मालकीची होती, म्हणून तो तिला खड्ड्यातून जपून न्यायचा आणि सपाटीवर मात्र अजिबात जपायचा नाही.

अडचण अशी होती की तिन्ही मोटारी एकदम यायच्या.

हिंगोलीला रेल्वे आली की तिघेही स्टेशनाबाहेर उतारू भरायचे आणि एकमेकांच्या मागोमाग सुटायचे. वाटेवरची माणसं जो पुढं असेल त्याला मिळायची, मागच्यांना धूळ मिळायची. म्हणून प्रत्येकाला पुढं व्हायचं असे. हरिचंद मागं पडायचा, पण पुढचे दोघे विहिरीवर थांबले की तोही येऊन ठेपायचा. मग तिन्ही मोटारींतली माणसं एकाच वेळी गोजरबाईच्या चुलीभोवती गोळा व्हायची. अर्ध्यांना भजे मिळायचे, अर्धे भांडायचे. भांडण संपेपर्यंत भोंगे वाजायचे आणि सगळे निघून जायचे. पुढं कितीतरी वेळ रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. तळलेला दुसरा घाणा टोपल्यात गार होऊन बसायचा आणि शेवटी कुत्र्यांना जायचा. कुत्री मात्र समाधानी होती.

याच वेळेला रानातल्या पायवाटेनं यशोदाबाई यायची. पलीकडच्या वाडीतली ही म्हातारी तूप आणि कोंबड्या घेऊन जवळा बाजारला जायची. ती रस्त्याला लागली की तिन्ही मोटारी नुकत्याच गेलेल्या असायच्या. बिचारी विहिरीच्या कठड्यावर कोंबड्या उलट्या धरून बसून राहायची.

"तीन मोटारी हायत म्हनतेत," ती म्हणायची, "मला तर एक बी दिसत न्हाई."

एके दिवशी गोजरबाईनं प्रेमसिंगला विचारलं, "तुमी तिघं एकदमच काहून येता?"

"मी पुढं असतो, बाई. ते मागून येतेत."

"मागूनच येऊ द्या. पन जरा जास्त मागून."

"मग ते त्याइला सांगा. मी थांबलो तर दस्तगीर पुढं जातो."

दस्तगीरला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, मी थांबलो तर माझ्या मोटारीत फकस्त धूळ बसते. धुळीला कुठं उतरायचं असतंय?"

हरिचंद म्हणाला, "मी तर थांबलेलाच असतो."

दुसऱ्या दिवशी मोटारींचे भोंगे ऐकू आले तेव्हा गोजरबाईनं विहिरीवरचा दोर आणि पोहरा उचलून घरात नेला. प्रेमसिंग पहिला आला. त्याला तिनं दोर दिला. त्यानं पाणी भरलं, त्याच्या माणसांनी गरम भजे खाल्ले आणि मोटार गेली. तिनं दोर गुंडाळून परत घरात नेऊन ठेवला आणि ती जात्यापाशी बसली.

दस्तगीर दारात आला. "बाई, दोर?"

"ही डाळ दळून झाली की देते."

"डाळीचा आन माझ्या मोटारीचा काय संबंध?"

"न्हाई काही. पन डाळ दळायचीच हाय मला."

दस्तगीरनं सुपातल्या डाळीकडे पाहिलं. मोटारीतून वाफ निघत होती, मागं हरिचंद येऊन उभा राहिला होता. दस्तगीर स्वतःची बादली आणि टपावरची दोरी घेऊन विहिरीकडे गेला. कठड्यावर दोन्ही कुत्री झोपली होती. त्यांतल्या एकानं डोळे उघडले. दस्तगीर परत आला.

"सरका," तो म्हणाला, "मी दळतो."

गोजरबाई सरकली. दस्तगीरनं बाह्या वर केल्या आणि जात्याचा खुंटा धरला. त्याची मोटार चालवण्याची आणि दळण्याची रीत एकच होती. जातं गरगरलं, डाळ कडेनं उडाली, उतारू दारात उभे राहून बघू लागले. कुणीतरी 'जरा सावकाश, हॉटेल पडंल' म्हणालं. सूप बघता बघता रिकामं झालं. घाम पुसून तो उठला.

गोजरबाईनं चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं. "जाडं पडलं," ती म्हणाली. "परत दळा."

परतीच्या खेपेला दस्तगीर पुढं होता आणि जात्यापाशी बसायची पाळी प्रेमसिंगवर आली. त्यानं दळायला साफ नकार दिला, बाहेर उभा राहून भोंगा वाजवला, आणि गोजरबाईचं दळण संपेपर्यंत वाजवत राहिला. ती नेहमीपेक्षा जरा सावकाशच दळत होती असं हरिचंदचं मत पडलं.

असं चार-आठ दिवस चाललं. पुढं ड्रायव्हरांच्या लक्षात आलं की मागं राहिलं तरी मोटार रिकामी जात नाही. पुढची मोटार गेल्यावर मधल्या वेळात वाडी-वस्तीवरची माणसं रस्त्याला येत, ती मागच्याला मिळत. पण प्रेमसिंगनं त्यातूनही पळवाट काढली. मागचा लवकर येत नाही म्हटल्यावर तो पुढं जाऊन प्रत्येक झाडाखाली मोटार उभी करायचा आणि मागच्याचीही माणसं गोळा करत बसायचा. एवढ्यात दस्तगीर येऊन त्याला गाठायचा, आणि जवळा बाजारला दोघे एकदमच शिरायचे. गोजरबाईला हे उतारूंकडून कळलं. मग तिनं ठरवलं की जो वाटेत रेंगाळेल त्याला येताना शेवटी पाणी. प्रेमसिंगनं दोनदा शेवटी पाणी घेतलं आणि रेंगाळणं सोडलं.

यशोदाबाई आता रस्त्यावर आली की थोडं बसायची आणि मोटार यायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तिला खरं वाटलं नाही. "चुकलेली हाय काय ही?" तिनं हरिचंदला विचारलं.

पुनमचंद शेटजींना ही बातमी हिंगोलीत लागली. ते स्वतः मोटारीत बसून आले. सभ्य माणूस होता. बाजेवर बसून त्यांनी चहा घेतला, भजे खाल्ले, चांगले आहेत म्हणाले आणि मग विषयाला हात घातला.

"बाई, मोटार माझी. ड्रायव्हर माझा. आन तो तुमच्या दारात डाळ दळतोय."

"हरिचंद बारीक दळतो," गोजरबाई म्हणाली. "प्रेमसिंगला आजून सांगावं लागतं."

"तसं न्हाई. मोटार कवा सोडायची ते मी ठरवणार."

"ठरवा की, शेटजी. मी मोटार कुठं धरली? मी दोर धरला."

शेटजी उठले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दोन्ही मोटारींत पाण्याचे भरलेले डबे आले. ते पाहून दस्तगीरनंही डबे घेतले. विहिरीची गरज उरली नाही. चढ संपला की ड्रायव्हर डब्यातलं पाणी ओतायचे आणि एकामागून एक सुसाट निघून जायचे. भजे खायलाही कुणी थांबेना, कारण जो थांबेल तो मागं पडेल. गोजरबाई दारात उभी राहून धूळ बघायची. नामाजी त्या दिवसांत मेंढरं घेऊन घरी आला होता. तो म्हणाला, "जाऊ दे. आपल्याला काय करायचं?" त्या दिवशी तिनं भजे तळले नाहीत, आणि तरीही डाळ दळली.

जवळ्याच्या बाजाराचा दिवस होता. प्रेमसिंग आणि दस्तगीर चढ संपल्यावर शेजारी शेजारी आले. दोघांच्याही मोटारी गच्च भरलेल्या, टपावर मिरच्यांची पोती आणि शेळ्या. पुढं ओढ्यावर एक अरुंद फरशी होती, तिच्यावरून एकच मोटार जायची. प्रेमसिंगला वाटलं दस्तगीर थांबेल, दस्तगीरला वाटलं प्रेमसिंग थांबेल. ऐन वेळी दस्तगीरनं करकचून ब्रेक दाबला. त्याची मोटार आडवी होऊन थांबली. प्रेमसिंगची फरशीवरून सुटली आणि कलंडून ओढ्यात जाऊन बसली.

ओढ्याला पाणी नव्हतं, वाळू होती, म्हणून माणसं मेली नाहीत. पण मिरच्यांची पोती फुटली आणि सगळा ओढा तिखटानं भरला. मदतीला धावलेले लोकही खोकत बाहेर येत आणि खोकून झालं की परत आत जात. गोजरबाई आणि नामाजी बाज घेऊन पळत गेले. त्यांनी एकेकाला विहिरीवर आणलं. एका माणसाचं डोकं फुटलं होतं, दोघांचे पाय मुरगळले होते. प्रेमसिंगच्या मोटारीत बसलेल्या यशोदाबाईचा उजवा हात कोपराखाली मोडला होता. नामाजी मेंढरांची हाडं बसवायचा. त्यानं तिच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. ती विव्हळत नव्हती. आपल्या दोन कोंबड्या कुठं गेल्या एवढंच विचारत होती. एक सापडली.

प्रेमसिंग विहिरीच्या कठड्यावर बसून होता. कुत्री त्याच्या दोन्ही बाजूंना बसली होती. त्याला लागलं नव्हतं. गोजरबाईनं त्याला चहा दिला. त्यानं कप हातात धरला आणि चहा सांडला. तिनं दुसरा दिला.

"बाई," तो म्हणाला, "तुमी शिव्या द्या."

"मला येत न्हाईत," गोजरबाई म्हणाली. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मोटार ओढ्यातून काढून दुरुस्त करायला शेटजींना बराच खर्च आला. दुरुस्त मोटारीतून ते पुन्हा आले, बाजेवर बसले, यशोदाबाईच्या हाताची चौकशी केली. मग त्यांनी प्रेमसिंगला हाक मारून डबे खाली काढायला सांगितले. प्रेमसिंगनं ते आधीच काढून घरी ठेवले होते. त्यात त्याची बायको जवारी ठेवत होती. दस्तगीर शेटजींचा नोकर नव्हता. पण दुसऱ्या दिवशी त्याच्याही मोटारीत डबे दिसले नाहीत.

दळण पुन्हा सुरू झालं. हिंगोलीच्या स्टेशनाबाहेरही मोटारी अंतरानं सोडायचं ठरलं आणि त्यासाठी एक माणूस नेमला गेला. त्याला पान आवडायचं. जो पान देई त्याची मोटार आधी सुटे. त्यामुळे खरं अंतर विहिरीवरच पडायचं. लोक या मोटारींना 'दळणाच्या मोटारी' म्हणायला लागले. उतारूंनाही सवय झाली. मागच्या मोटारीत घाई असलेला एखादा माणूस स्वतःच जात्यापाशी येऊन बसायचा. एकदा औंढ्याच्या देवाला निघालेलं लग्नाचं अख्खं वऱ्हाड पाळीपाळीनं दळून गेलं, आणि नवरी सगळ्यांत बारीक दळते असं ठरलं.

मग जगात दुसरी मोठी लढाई लागली. पेट्रोल मिळेना. मोटारींच्या मागं कोळशाच्या भट्ट्या बसल्या. कोळशावर चालणारी मोटार चढ चढायची नाही, उतारू ती ढकलत वर आणायचे. एक मोटार वर येईपर्यंत गोजरबाईचं दळण होऊन, पीठ चाळून, भजेही तळून व्हायचे. अंतर पाडायला कुणाची गरज उरली नाही. तरी ती दोर घरात ठेवायची आणि ड्रायव्हर मागून न्यायचे.

लढाई संपली, आणि दोन वर्षांत आमच्या मुलखाचे दिवस फिरले. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव हिंडू लागल्या. संध्याकाळी लोक दिवे लावीनात. मोटारी कमी झाल्या, मग एकेक बंद पडल्या. शेवटची मोटार त्या रस्त्यावर आली ती दस्तगीरची. भर दुपारी आली, रिकामी. तो उतरला नाही, पाणीही मागितलं नाही. यंत्र चालूच ठेवून त्यानं नामाजीला जवळ बोलावलं.

"आज निघा," तो म्हणाला. "मेंढरं घेऊन निघा. उद्याचं काय खरं न्हाई."

नामाजी आणि गोजरबाई मेंढरं हाकत पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले. तिथं नामाजीच्या मावशीकडं ते पावसाळा संपेपर्यंत राहिले. गोजरबाईला तिथं काही काम नव्हतं. ती रस्त्याला जाऊन उभी राहायची, पण त्या गावावरून मोटार जात नव्हती.

हैदराबादचं राज्य संपल्यावर ते परतले. घराचं छप्पर जळलं होतं. भिंती होत्या. एक कुत्रं परत आलं, एक आलं नाही. जात्याच्या दोन्ही तळ्या कुणीतरी विहिरीत टाकल्या होत्या. प्रेमसिंग पहिल्यांदा मोटार घेऊन आला तेव्हा त्यानं मोटारीला दोर बांधून त्या बाहेर ओढल्या. वरच्या तळीचा एक टवका उडाला होता. बाकी जातं चालत होतं.

मागून हरिचंद आला आणि पाण्याला पुढं झाला.

"थांब," गोजरबाई म्हणाली. "आदी दस्तगीरचा नंबर हाय."

"दस्तगीर कुठं हाय आता?"

"ठावं न्हाई. पन नंबर त्याचा हाय."

तिनं दस्तगीरच्या नावानं एक सूप दळलं. ते झाल्यावर हरिचंदला दोर दिला.

असं रोज होऊ लागलं. उतारू कुरकुरायचे. दस्तगीर परभणीला सासरी लपून आहे असं कुणी म्हणे, तो त्या टोळ्यांत होता असं कुणी म्हणे, नव्हता असंही कुणी म्हणे. त्याच्या मोटारीत आता कोण बसणार, असं सगळेच म्हणत. गोजरबाई दळत राहायची. त्या दुपारी तो काय सांगून गेला हे तिला बरेच दिवस कुणी विचारलं नाही. एकदा प्रेमसिंगनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. त्या दिवशी स्वतःला पाणी घेतल्यावर निघायच्या आधी तो दस्तगीरच्या सुपाचं अर्धं दळण दळून गेला. दुसऱ्याच दिवशी मोटार हिंगोलीत उभी ठेवून तो परभणीला जाऊन आला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी प्रेमसिंगची मोटार निघून गेली आणि काही वेळानं चढावरून दुसरी मोटार आली. भोंगा वाजला नाही. दस्तगीर खाली उतरला. दाढी वाढलेली, अंगावर मळका सदरा. मोटार रिकामी होती. विहिरीवर बारा-पंधरा माणसं जवळ्याला जायला उभी होती. कुणी त्याच्याकडं बघेना, कुणी हलेना. दस्तगीरही तिथंच उभा राहिला. पाणी मागायला तो पुढं आला नाही.

गोजरबाई दोर घेऊन बाहेर आली आणि तिनं तो त्याच्या हातात दिला.

"उशीर झाला," ती म्हणाली.

त्यानं पोहरा विहिरीत सोडला. त्याला वर ओढायला फार वेळ लागला. तो रडत होता, पण पाठ लोकांकडे होती.

माणसं मागच्या वाटेकडे बघत होती. हरिचंदच्या मोटारीचा अजून पत्ता नव्हता, आणि ती आली तरी आपलं दळण झाल्याशिवाय सुटणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऊन चढत होतं. बाजार भरत आला असेल. कुणी घसा खाकरला, कुणी बिडी विझवली.

यशोदाबाईनं कोंबड्या डाव्या हातात घेतल्या आणि मोटारीच्या पायरीवर पाय ठेवला. "हात दे रे," ती दस्तगीरला म्हणाली. त्यानं हात दिला. ती आत जाऊन खिडकीपाशी बसली आणि बाहेर उभ्या असलेल्यांकडे बघू लागली. तिच्यामागून एक जण चढला. मग एक बाई लेकरू घेऊन चढली. मग बाकीचे चढले, आणि जागेवरून त्यांच्यात थोडी बाचाबाचीही झाली.

दस्तगीरनं टोपण लावलं, दोर गुंडाळून परत दिला. काहीतरी बोलायचं त्याच्या मनात होतं, पण गोजरबाई आत वळली होती. तो मोटारीत बसून निघाला. जवळ्याच्या रस्त्यावर त्यानं वाटेतली आणखी माणसं घेतली. संध्याकाळी परतताना त्याच्या मोटारीत उभं राहायला जागा नव्हती, आणि औंढ्याच्या एका व्यापाऱ्यानं पाय तुडवल्याबद्दल त्याला मनापासून शिव्या दिल्या. त्या ऐकून दस्तगीरला फार बरं वाटलं, असं तो पुढं सांगायचा.